पान १४३ आणि न थांबणारी स्क्रिप्ट

आमच्या गावच्या वाचनालयात १९३०च्या आगेमागे निघालेल्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. कागद इतका कडक झालाय की पान उलटताना कोपरा तुटून हातात येतो. त्यामुळे प्रत्येक खंड एकदाच उघडायचा, स्कॅन करायचा आणि कापडात गुंडाळून पुन्हा कपाटात ठेवायचा, असं ठरलेलं आहे. वाचकाच्या हाती पडते ती पीडीएफ. म्हणजे पीडीएफमध्ये जे नाही, ते वाचकाच्या लेखी त्या खंडातच नाही.

स्कॅन झाल्यावरचं सगळं काम एका बॅश स्क्रिप्टवर चालतं. (बॅश म्हणजे एक शेल, लिहून दिलेल्या कमांड ओळीने चालवणारा प्रोग्रॅम.) प्रत्येक पानाची प्रतिमा टेसरॅक्टला द्यायची, त्याने मराठी अक्षरं ओळखून त्या पानाची शोधता येणारी पीडीएफ करायची आणि शेवटी क्यूपीडीएफने सगळी पानं एकत्र जोडायची. ही स्क्रिप्ट माझ्याकडे आधीच्या स्वयंसेवकाकडून आली. त्यात लूपमधल्या टेसरॅक्टच्या ओळीच्या शेवटी & होता, म्हणजे प्रत्येक पान बॅकग्राउंडला टाकून शेल लगेच पुढच्या पानाकडे वळायचा. लूप संपला की एक ओळ होती: स्लीप १२०. दोन मिनिटं थांबायचं आणि मग जोडणी. ज्या मशीनवर ती लिहिली गेली तिथे पातळ अंकांसाठी दोन मिनिटं पुरत होती. वाचनालयातलं मशीन जुनं, चार कोअरचं, ८ जीबी मेमरीचं.

ग्रंथपाल बाईंचा एका संध्याकाळी फोन आला. "दादा, अनुक्रमणिकेत पान १४३ला लेख दाखवलाय, पण पीडीएफमध्ये १४२ झालं की एकदम १४४ येतंय. स्कॅन राहिलं का?" स्कॅन राहिलं नव्हतं. १४३ची प्रतिमा फोल्डरमध्ये व्यवस्थित होती. मग मी त्या खंडाचं एकेक पान मूळ प्रतिमांशी ताडून पाहिलं. खंड १९२ पानांचा, पीडीएफ १८४ पानांची. गेलेली आठ पानं शेवटची असती तर लगेच लक्षात आलं असतं. ती सगळीकडे विखुरलेली होती, आणि त्यांच्यात एक साम्य होतं: सगळी दाट छपाईची होती. केशतेल, शक्तिवर्धक गोळ्या, नाटक कंपन्यांचे दौरे अशा बारीक टाइपातल्या जाहिराती, तीन-तीन रकाने, मध्ये चौकटी. टेसरॅक्टला सर्वांत जास्त वेळ लागतो तो नेमका असल्या पानांना. दोन मिनिटं संपली तेव्हा ती पानं तयार नव्हती. जोडणीच्या ओळीने त्या क्षणी फोल्डरमध्ये ज्या पीडीएफ होत्या तेवढ्या उचलल्या आणि काम फत्ते झाल्याचं सांगून स्क्रिप्ट संपली.

म्हणजे त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला ज्या पानांत सर्वांत जास्त माल सापडेल, तीच पानं गळत होती. हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. आधी तयार झालेल्या सगळ्या पीडीएफ पुन्हा करायच्या होत्याच, पण त्याआधी स्क्रिप्टला नीट थांबायला लावणं आलं.

पहिला बदल सोपा. स्लीप काढून तिथे वेट. स्लीपला घड्याळाशिवाय काही कळत नाही. वेट हे शेलचं अंगभूत फर्मान आहे आणि ते थेट ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं की माझ्या पोटच्या प्रोसेस, म्हणजे मी सुरू केलेले प्रोग्रॅम, संपल्या का. ही सोय फार जुनी आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या आवृत्तीची पुस्तिका नोव्हेंबर १९७१ची, तिच्यातही नवी प्रोसेस सुरू करणाऱ्या फोर्कच्या जोडीला वेट आहे. प्रोसेस जन्माला घालायची तर तिचा शेवट कसा झाला हे विचारायची सोयही हवी, हा विचार तिथे पहिल्यापासून आहे. संपलेली प्रोसेस आपला निकाल, म्हणजे एक्झिट स्टेटस, कर्नलपाशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापाशी, ठेवून जाते. पालक प्रोसेस येऊन तो उचलत नाही तोवर यादीत तिची नोंद राहते. प्रोसेस दाखवणाऱ्या पीएसच्या यादीत अशा नोंदींपुढे झेड दिसतो, त्याच झोंबी.

नुसता वेट लिहून आठ पानं परत आली. पण एक गोष्ट खटकली, म्हणून मुद्दाम एक बिघडलेली प्रतिमा यादीत घालून पाहिली. टेसरॅक्टने ती उघडायला नकार दिला, लाल ओळी आल्या, तरी वेटचा निकाल शून्य. बॅशमध्ये कोणताही आकडा न देता वेट म्हटलं की तो सगळ्या मुलांसाठी थांबतो, पण शेवटी शून्यच परत करतो. कोण पास झालं, कोण नापास, हे सांगत नाही. चूक होताच स्क्रिप्ट थांबवणारं सेट वजा ई लावूनही उपयोग नाही, कारण & लावून मागे टाकलेल्या कमांडच्या अपयशावर तो थांबत नाही. निकाल हवा असेल तर प्रत्येक मूल जन्मताच त्याचा प्रोसेस क्रमांक, म्हणजे $!, जपून ठेवायचा आणि नंतर एकेका क्रमांकासाठी वेट करायचं. मग $? मध्ये त्या-त्या पानाचा निकाल मिळतो. एखादं मूल आपण विचारण्याआधीच संपलं असलं तरी हरकत नाही. शेलने त्याचा निकाल लक्षात ठेवलेला असतो.

तशी यादी केली आणि स्क्रिप्ट चालवली, तर ती जराही न थांबता जोडणीवर गेली. हा सगळा प्रवास ज्यांना करायचाय त्यांनी इथे जरा रेंगाळावं, कारण ही अडचण वरवर पाहता दिसत नाही. मी क्रमांकांच्या यादीची लांबी छापून पाहिली: शून्य. लूपमध्ये मात्र दर फेरीला ती वाढताना दिसत होती. कारण लूपच्या सुरुवातीला होतं. या वेळी पानांची यादी मी फाइंड या फाइल शोधणाऱ्या कमांडमधून पाइपने, म्हणजे एकीचं आउटपुट थेट दुसरीच्या हाती देऊन, व्हाइल-रीडच्या लूपमध्ये आणली होती. बॅशमध्ये पाइपच्या उजवीकडचा भाग एका वेगळ्या उपशेलमध्ये चालतो. टेसरॅक्टच्या सगळ्या प्रोसेस त्या उपशेलची मुलं होती, यादीही त्याच्याच मेमरीत भरत होती. लूप संपला, उपशेल गेला, त्याच्याबरोबर यादी गेली. मागे राहिलेली टेसरॅक्ट मुख्य स्क्रिप्टची मुलं नव्हतीच. त्यांच्यातल्या एकाचा क्रमांक हाताने देऊन मुख्य शेलमध्ये वेट केलं तर उत्तर आलं की ही या शेलची प्रोसेस नाही, आणि निकाल १२७.

नियम कडक आहे: वेट करता येतं ते फक्त स्वतःच्या मुलांसाठी. नातवंडांसाठी नाही, शेजाऱ्याच्या मुलांसाठी तर नाहीच. दुसऱ्या टर्मिनलवर प्रोसेसची वंशावळ दाखवणारं पीएसट्री लावून ठेवलं की हे डोळ्यांना दिसतं. स्क्रिप्टच्या खाली एक आणखी बॅश, त्याच्या खाली टेसरॅक्टची रांग. लूप संपताच मधला बॅश नाहीसा होतो आणि ती रांग एकदम पहिल्या प्रोसेसखाली, सिस्टिमडीखाली, जाऊन बसते. उपाय म्हणजे पाइप काढून यादी आधी फाइलमध्ये लिहायची आणि ती < ने लूपला द्यायची. लूप मुख्य शेलमध्येच राहतो, मुलंही आपलीच राहतात.

आता स्क्रिप्ट थांबू लागली, पण मशीन गुदमरू लागलं. १९२ टेसरॅक्ट एकाच वेळी. शिवाय आवृत्ती ४पासून टेसरॅक्ट एकाच पानासाठी स्वतः चार थ्रेडपर्यंत, म्हणजे कामाचे चार समांतर धागे, वापरतं, म्हणजे चार कोअरवर साडेसातशेच्या वर थ्रेडची मारामारी. काही पानांचा निकाल १३७ आला. १२८च्या वरचा आकडा म्हणजे प्रोसेस सिग्नलने, बाहेरून आलेल्या संदेशाने, मेली. १२८ वजा केले की उरतो सिग्नलचा क्रमांक. ९ म्हणजे किल. डीमेसेजमध्ये कर्नलची नोंद होती की मेमरी संपल्यामुळे टेसरॅक्ट मारलं. नुसत्या वेटवर समाधान मानलं असतं तर ही पानंही आधीसारखीच गुपचूप गेली असती. निकाल उचलल्यामुळे कोणतं पान आणि का, दोन्ही कळलं.

एका वेळी ठरावीक प्रोसेस चालवायच्या तर बॅशमध्ये वेट वजा एन आहे: कोणतंही एक मूल संपेपर्यंत थांब. तो बॅशच्या ४.३ आवृत्तीत, २०१४ साली आला. कोणतं मूल संपलं तेही सांगण्याची सोय २०२०च्या ५.१मध्ये आली. पण आमच्यातल्या एका ताईंकडे मॅक आहे, आणि ॲपल मॅकबरोबर देतं तो बॅश ३.२, म्हणजे यातलं काहीच नाही. म्हणून मी एक्सआर्ग्जकडे वळलो. त्याला वजा पी देऊन तीन म्हटलं की तो एका वेळी तीनच प्रोसेस चालवतो, एक संपली की पुढची सुरू करतो आणि सगळ्या संपेपर्यंत स्वतः थांबतो. त्यातली एक जरी शून्याखेरीज १ ते १२५मधला निकाल देऊन संपली तरी लिनक्सवर शेवटी १२३ परत देतो. कोणतं पान बिघडलं ते त्यातून कळत नाही, म्हणून एका पानाचं काम मी वेगळ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये काढलं. ती टेसरॅक्ट चालवते, $? लगेच पानाच्या नावाच्या फाइलमध्ये लिहिते आणि तोच निकाल घेऊन बाहेर पडते. ओएमपीची, म्हणजे टेसरॅक्ट ज्यातून थ्रेड काढतं त्या सोयीची, थ्रेडमर्यादा एकवर आणली. तीन टेसरॅक्ट, प्रत्येकी एक थ्रेड, चौथा कोअर बाईंच्या देवघेवीच्या नोंदींसाठी मोकळा. एकाच वेळी १९२ सोडण्यापेक्षा हे काम बऱ्याच आधी संपतं.

याचा आणखी एक फायदा नंतर दिसला. आधीच्या रचनेत मध्येच कंट्रोल-सी दाबलं की स्क्रिप्ट मरायची, पण टेसरॅक्ट चालूच राहायची. स्क्रिप्टमध्ये & लावून सोडलेल्या प्रोसेसना शेल कंट्रोल-सीचा सिग्नल दुर्लक्षित करायला लावूनच जन्म देतो. त्यासाठी सिग्नल पकडणारा ट्रॅप लावून एकेक मूल मारावं लागतं. एक्सआर्ग्ज मागे न जाता पुढे, फोरग्राउंडला, चालतो, त्यामुळे कंट्रोल-सी सगळ्या गटालाच पोचतो.

प्रत्येक पीडीएफच्या सुरुवातीला एक मुखपान असतं: मासिकाचं नाव, वर्ष, खंड वाचनालयाला कोणाकडून मिळाला ते. बाई ते लिब्रेऑफिसमध्ये लिहितात, स्क्रिप्ट हेडलेस पद्धतीने, म्हणजे खिडकी न उघडता, त्याची पीडीएफ करते. इथे थांबण्याचा वेगळाच पेच. बाईंच्या मशीनवर लिब्रेऑफिस उघडं असेल तर ती कमांड क्षणात परत यायची आणि पीडीएफचा पत्ता नसायचा. एकाच प्रोफाइलवर, म्हणजे सेटिंगच्या एकाच फोल्डरवर, लिब्रेऑफिस आधीपासून चालू असेल तर नवी प्रोसेस आपलं काम त्या चालू असलेल्याच्या गळ्यात टाकते आणि निघून जाते. आपण जिच्यासाठी थांबलो ती प्रोसेस खरोखर संपलेली असते. काम मात्र तिच्याकडे नसतंच. वेटचा यात काही दोष नाही. स्क्रिप्टसाठी वेगळं प्रोफाइलचं फोल्डर दिल्यावर ती प्रोसेस स्वतःच काम करते आणि काम झाल्यावरच संपते. तरीही मुखपानाची फाइल खरंच तयार झाली का, हे मी पुढच्या ओळीत तपासतो. निकाल शून्य आणि फाइल नाही, असं जिथे एकदा घडू शकतं तिथे दोन्ही पाहिलेलं बरं.

प्रतिमा साफ करण्याचा भाग, म्हणजे तिरकी पानं सरळ करणं आणि कडा कापणं, आमच्या गटातल्या एका विद्यार्थ्याने पायथनमध्ये लिहिलाय. तो बाहेरची कमांड पोपेनने सुरू करतो, तिचं त्रुटींचं आउटपुट पाइपमध्ये घेतो आणि वेटने थांबतो. बहुतेक खंडांना ते नीट चाललं. मग एका खंडाच्या वेळी ते रात्रभर एकाच पानावर अडून बसलं. सीपीयू शून्य, मेमरी तेवढीच, चूक काही नाही. मी अडलेल्या प्रोसेसला एसट्रेस लावला, तो प्रोसेस कर्नलकडे काय मागतेय ते दाखवतो. पडद्यावर एकच अर्धी ओळ आली: राइट, दोन क्रमांकाच्या वाटेवर, आणि पुढे काही नाही. दोन म्हणजे त्रुटींचं आउटपुट. मूल लिहायचा प्रयत्न करत होतं आणि लिहिता येत नव्हतं.

त्या खंडाच्या टिफ प्रतिमा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आल्या होत्या आणि त्यात अनोळखी टॅग होते. प्रत्येक टॅगला एक इशारा. एरवी कोणी न वाचणारे हे इशारे साठत गेले. लिनक्सवर पाइपची जागा सहसा ६५,५३६ बाइट. ती भरली की लिहिणारा थांबतो, वाचणारा जागा करून देईपर्यंत. वाचणारा म्हणजे पायथन, आणि तो वेटवर बसलेला, मूल संपेपर्यंत वाचणार नाही. मूल म्हणतं आधी वाच, पालक म्हणतो आधी संप. दोघंही आपल्या जागी बरोबर, आणि सकाळपर्यंत तसेच. उपाय पायथनच्या कागदपत्रांतच दिलाय: वेटऐवजी कम्युनिकेट वापरायचं, ते वाचतही राहतं आणि थांबतंही. किंवा ३.५पासून आलेलं रन वापरायचं, ते आतून हेच करतं. आम्ही आउटपुट सरळ प्रत्येक पानाच्या लॉग फाइलमध्ये वळवलं. फाइल अशी भरून अडत नाही, आणि काही बिघडलं तर वाचायला इशारे हाताशी असतात.

समोरच्या टेबलावरचा स्कॅनरचा संगणक विंडोजचा आहे, तिथला प्रकार थोडक्यात सांगतो. पॉवरशेल खिडकीवाल्या प्रोग्रॅमसाठी आपण होऊन थांबत नाही. तो सुरू करून पुढच्या ओळीवर जातो. स्टार्ट-प्रोसेसला वेट लावलं की थांबतो, आणि पासथ्रूही लावलं तर निकालाचा आकडाही वाचता येतो. जुन्या बॅच फाइलमध्ये स्टार्ट आणि वेट वापरताना प्रोग्रॅमचा मार्ग अवतरणात असेल तर त्याआधी रिकामी अवतरणचिन्हं लिहावी लागतात, नाहीतर तो मार्गालाच खिडकीचं शीर्षक समजतो. आणि एका बॅच फाइलमधून दुसरी चालवायची तर कॉल लागतोच, नाहीतर दुसरी संपल्यावर पहिलीकडे परतच येत नाही.

थांबण्यालाही मुदत लागते. पानभर छायाचित्र असलं की छपाईच्या ठिपक्यांतून टेसरॅक्ट अक्षरं शोधत बसतं आणि सुटतच नाही. टाइमआउट ही कमांड पुढे लावून ६०० सेकंद दिले. मुदत संपली की निकाल १२४ येतो आणि ते पान अक्षरओळख न करता नुसती प्रतिमा म्हणून पीडीएफमध्ये जातं. पान मात्र जातंच.

टेसरॅक्ट आता आधी तात्पुरत्या नावाने लिहितं, निकाल शून्य असेल तरच फाइलला खरं नाव मिळतं. एकाच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे जोडणीच्या हाती अर्धवट फाइल लागत नाही. जोडणी झाल्यावर क्यूपीडीएफला पानांची संख्या विचारतो आणि प्रतिमांच्या संख्येत मुखपान मिळवून ताडतो. जुळलं नाही तर पीडीएफ वाचकांच्या फोल्डरमध्ये जात नाही, बाईंना न जुळलेल्या पानांचे आकडे मिळतात. क्यूपीडीएफचा निकाल २ आला तर काम झालंच नाही. ३ आला तर काम झालंय पण इशारे आहेत. या तीनवर आमच्यात चर्चा झाली. विद्यार्थ्याचं म्हणणं होतं की फाइल उघडते आहे तर पुढे जाऊ द्या. मी आणि बाईंनी तीनलाही थांबवायचं ठरवलं, कारण एक माणूस दहा मिनिटं बसून ती पीडीएफ चाळू शकतो आणि खंड पुन्हा उघडण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

जुने खंड याच पद्धतीने पुन्हा केले. सध्या अडलंय ते घडी घातलेल्या नकाशांवर. त्यांच्या प्रतिमा मोठ्या, त्यांना ६०० सेकंद पुरत नाहीत, आणि गावांची नावं शोधता यावीत म्हणून त्यांची अक्षरओळख सोडायचीही नाही. त्यांची वेगळी यादी करून जास्त मुदतीने, एका वेळी एकच, रात्री लावायचं चाललंय.